अर्धविराम

"साहेब, दाराच्या नावापुढे अर्धविराम देऊन काहीही लिहा, दारं नि पंखे चालवणारी ही पेटी ते हुकूम समजून मुकाट पाळते. उद्या कोणीही लोकांना आत कोंडून हवा बंद करेल," तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये तंत्रज्ञ काकुळतीला येऊन सांगत होता.

"एक शेपटीवालं टिंब माझी इमारत कोंडणार?" साहेबांनी त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. "दाखव करून!"

नाकातलं रक्त पुसत त्याने दाराचं नाव, अर्धविराम आणि पुढे हुकूम टाइप केला. दार खाडकन लागलं, हवेचे पंखे थांबले.

साहेब पिसाळले. कीबोर्ड उचलून त्याच्या डोक्यात असा काही हाणला, की बटणं दातांसारखी फरशीभर विखुरली. "उघड दार! नाहीतर जीव घेईन!"



रक्ताळल्या ओठांनी तो हसला. "घ्या की. पण आधी अर्धविराम शोधा."