रद्दीचा हौद

माझी बायको पंचफुला पाणी काढताना विहिरीत पाय घसरून गेली, असा गावाकडून निरोप आला, तेव्हा मी नव्या जिल्ह्याच्या कचेरीसाठी माती आणि भिजवलेल्या रद्दीचे ब्लॉक दाबत होतो. दुष्काळात गावाला टँकर मिळावा म्हणून तिने तहसिलीत सात अर्ज दिले होते.

तेरावा करून कामावर आलो. हौदात टाकायला तहसिलीतून आलेल्या रद्दीत ते सातही अर्ज एका दोऱ्यात बांधलेले निघाले. शेरा एकावरही नव्हता. खालचा अंगठा मी ओळखला, त्यावर विळा लागल्याची खूण होती.

"मुकादम, हे आमच्या घरचीचे हायत. ठिवू का?"

"ठिवून काय करता, मामा? टाका लवकर. टँकर यायची येळ झाली, कागद भिजला पायजे."

टँकर वेळेवर आला.


आमच्या गावाचा अजून यायचा आहे.