याच टेबलावर

डॉक्टर गप्पा मारत अँजिओप्लास्टी करत होते. मध्येच ते गप्प झाले. टेबलावर जागी असलेल्या इंदुमतीबाईंनी निवृत्त होईपर्यंत याच खोलीत नर्सचं काम केलं होतं. त्यांनी ओळखलं.

"काय झालं, डॉक्टर? रक्तवाहिनी फाटली ना?"

"काही नाही हो मावशी, झालंच," म्हणत नव्या सिस्टरने त्यांचा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

"बरं बाई," म्हणून त्या हसल्या. पोरगी घाबरू नये म्हणून.

डॉक्टरांनी आत फुगा फुगवून फाटलेली जागा दाबून धरली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "रक्त थांबलं. वाचलात, सिस्टर."

इंदुमतीबाईंना मात्र याच टेबलावर गेलेले पेशंट आठवत राहिले. तेही शेवटी असेच हसले होते. आपण त्यांना धीर दिला, असं बाईंना आजवर वाटत होतं.