शिडी चालली कुठं?

आज अण्णांनी शिडी उचलली.

मथुराबाईनं पदर तोंडात कोंबला, नाहीतर हसू फुटलं असतं. पुढ्यात ज्वारीनं भरलेल्या पेल्यात फोन रोवलेला. फोनात लेक रणधीर, नागपूरच्या जेलातनं बोलतोय. अन् मागनं अंगणातनं तिचा नवरा, उत्तरेश्वरअण्णा, खांद्यावर शिडी घेऊन निघालेला. तोंड भिंतीकडं, पाठ फोनकडं. शिडी लावून चढावं असं त्या घरात काहीच नव्हतं.

"आज शिडी का?" रणधीरनं बारीक आवाजात विचारलं.

"शिडी," त्याची बायको सोनाली म्हणाली. "मागच्या बारीला शेळी हुती. तिला चार पाय असून खांद्यावर."

तीन वर्षांमागं बांधाच्या भांडणात रणधीरनं भावकीतल्या एकाचं डोकं फोडलं. सात वर्षांची सजा लागली. पोलीस घेऊन निघाले तेव्हा येरमाळ्याच्या चौकात, सगळ्या गावादेखत अण्णा बोलून बसले, "मेलो तरी ह्याचं तोंड बघणार न्हाय." गावापुढं बोललेला शब्द मागं घ्यायचा म्हणजे अण्णांना एरंडेल प्यायल्यासारखं.

मथुराबाई नागपूरला एकदाच जाऊन आली. रात्रभर बस, काचेपल्याड लेक वीस मिनिटं, परत रात्रभर बस. गुडघे असे सुजले की महिनाभर चुलीपुढं बसता येईना. मग नुसती पत्रं. अन् मागल्या दिवाळीच्या सुमाराला सोनालीच्या फोनवर अचानक निरोप आला. पंधरवड्याला एकदा, शनिवारी अकराला, पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. हे काम वकील वसंतरावांचंच, म्हणून मथुराबाईनं त्यांना पिशवीभर शेंगा पोचत्या केल्या. वसंतरावांनी शेंगा ठेवून घेतल्या अन् नुसते हसले. अण्णा त्या दिवसांत दाढेनं बेजार होते. दाढ काढायला म्हणून एस्टीनं चारदा धाराशिवला गेले अन् चारी वेळा दाढ घेऊनच परत आले. "भित्रं कुठलं," ती म्हणाली होती.

पहिल्या फोनापासनं अण्णांचा हाच धंदा. शुक्रवारी सांजच्याला दाढी. शनिवारी इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. अकराच्या ठोक्याला काहीतरी उचलायचं अन् फोनामागनं चालायला लागायचं. एकदा बादली. एकदा कडब्याची पेंढी. एकदा तर अख्खी बाज. शब्द मोडत नव्हता. ते लेकाला बघत नव्हते, नुसते दिसत होते.

पण मथुराबाईचं तेवढ्यावर भागत नव्हतं. चार वर्षं अजून जायची होती अन् अण्णा सत्तरीला टेकले होते. बापलेक एकदा बोलावेत, एवढंच तिला पाहिजे होतं. म्हणून मागच्या फोनात, अण्णा शेळी घेऊन पलीकडं गेल्यावर, तिनं लेकाला डाव शिकवून ठेवला होता.

"आई," रणधीर ठरल्याप्रमाणं मोठ्यानं म्हणाला, "हितं फोनवर भेटायच्या माणसांची नवी यादी करायलेत. तीनच नावं. तुजं, सोनालीचं अन् तिसरं अण्णांचं हाय. त्ये तर बोलतच न्हाईत. त्यांचं काढून मामाचं टाकू का?"

शिडी थांबली.

"टाक की," मथुराबाई म्हणाली. "शिडीवाल्याचं काय काम हाय?"

शिडी भुईवर आली. अण्णा वळले नाहीत. पाठ फोनकडंच ठेवून उलट्या पावलांनी मागं मागं सरकत आले अन् चाचपत बाजेवर टेकले. मग भिंतीला म्हणाले, "तोंड बघणार न्हाय म्हणलो व्हतो. बोलणार न्हाय असं कुटं म्हणलो? नाव ऱ्हाऊ दे माजं."

मग रणधीरचा आवाज आला, जरा ओला.

"अण्णा, मागनं टक्कल पडलंय तुमाला. लई मोठं."

"कुणाला टक्कल?" अण्णा गर्रकन वळले.

अन् वळले ते तसेच राहिले. लेक समोर होता. गाल बसलेले, कानशिलावर पांढरं आलेलं. सात मिनिटं उरली होती, त्यातली दोन नुसती बघण्यात गेली.

"जेवतूस का?" अण्णांनी विचारलं.

"जेवतो."

"म्हस व्याली."

"व्हय, आई म्हणली."

"म्याच आणून दावली असती," अण्णा म्हणाले, "पर खांद्यावर मावंना."

रणधीर हसला. मग डोळे पुसले, मग परत हसला, अन् पंधरा मिनिटं संपली.

सोनाली फोन उराशी धरून आत गेली. मथुराबाईनं परातीत भाजलेल्या शेंगा आणून अण्णांपुढं ठेवल्या. डाव जिंकल्याची ऐट तिला लपवता येईना.

"कसं? नाव जाया लागल्यावर आलाव का न्हाय ताळ्यावर?"

अण्णा शेंगा निवडत राहिले. "यादी-बिदी काय नसती, मथुरा. तिघांचीच नावं, आसलं त्या फोनच्या अर्जात कुटंच लिवलेलं न्हाय."

तिची ऐट उतरली. "तुमाला काय ठावं? अर्ज तर वसंतरावांनी भरला."

"म्या भरला. धाराशिवच्या कोर्टात बसून. त्यांनी वाट दावली, अन् शेंगा खाल्ल्या."

"तुमी?" मथुराबाई बघतच राहिली. "तुमी कवा गेलाव कोर्टात?"

"दाढ काढाया," अण्णा म्हणाले, अन् त्याच दाढेनं शेंग फोडली.