कोरी प्लेट

"मॅडम, उगवलं!" मी ओरडले. दोन वर्षं तो परका डीएनए यीस्टमध्ये शिरायला तयार नव्हता. ज्या पेशी तो घेतील, त्याच या प्लेटवर जगणार होत्या, आणि आज तिथं पांढरे ठिपके दाटले होते. मॅडमनी मला मिठीच मारली. यश आलं नसतं, तर महिनाअखेरीस प्रकल्प बंद होणार होता.

मग मी कंट्रोलची प्लेट उचलली. तिच्यातल्या यीस्टला डीएनए दिलाच नव्हता. ती कोरी हवी. तिच्यावरही तेवढेच ठिपके! म्हणजे सगळं मुसळ केरात.

"कंट्रोलशिवाय प्रयोग नाही," हे मॅडमचंच वाक्य. त्यांनी ती प्लेट माझ्याकडून घेऊन कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

"नवी प्लेट तयार कर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तिच्यावर यीस्ट पसरू नकोस. अहवालात कंट्रोल म्हणून तिचाच फोटो लावू."