दोन दुर्बिणी

"बिबट्याच आहे. बांधाला चिकटून बसलाय," डॉक्टर निंबाळकर पुटपुटले आणि त्यांनी भुलीची बंदूक खांद्याला लावली.

उसाच्या कडेला त्यांची ही दुसरी रात्र. अंगाच्या उष्णतेवरून अंधारात प्राणी दाखवणारी दुर्बीण वनखात्याला घ्यायची होती. पारखायला दोन आल्या होत्या. पहिली किलोमीटरभर लांबचं टिपायची. ती डॉक्टरांना पसंत होती आणि त्यांच्याकडेच होती. दुसरीचा पल्ला कमी, पण चित्र स्वच्छ. ती वनरक्षक हेमलता ढमालेच्या हातात होती.

"डॉक्टर, थांबा!" तिने बंदुकीची नळी हाताने खाली दाबली. "त्याने गुडघ्यांना हातांची मिठी मारलीय."

तिने बॅटरीचा झोत टाकला. शेजारच्या मळ्यातले येसूआबा डोळे चोळत उठले. "मोटार चालू करायला आलोय, पोरी. शेतीची लाइट रात्रीच येती न्हवं!"

बिबट्याच्या मापाची भूल त्या म्हाताऱ्या शरीराला झेपली नसती. डॉक्टरांनी बंदुकीतली भुलीची सुई काढून ठेवली. हेमलताने आबांना घरी पोचवलं.

पहाटे बिबट्या खरोखर आला. या वेळी डॉक्टरांच्या डोळ्याला हेमलताची दुर्बीण होती. सुई नेमकी मांडीत बसली आणि तासाभरात जनावर पिंजऱ्यात शांत झोपलं.

उजाडल्यावर येसूआबा चहाची किटली घेऊन आले. तेवढ्यात डॉक्टरांना वनखात्याच्या साहेबांचा फोन आला. "कोणती घ्यायची ठरवली?"

"हेमलताची," डॉक्टर आबांकडे बघत म्हणाले. "लांबचं दिसून काय करू, साहेब? समोर कोण आहे, ते कळलं पाहिजे."