स्टीलची डबी

"अंडाशयातून काढलेली गाठ मूळची तिथली वाटत नाही," डॉक्टर सबनीस म्हणाले. "मावशी, पूर्वी काही झालं होतं?"

"अकरा वर्षांपूर्वी. त्वचेचा कॅन्सर. टाचेवरचा काळा तीळ काढला होता." द्वारकाबाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. आत त्या तिळाचा, तपासणीसाठी मेणात बसवलेला तुकडा होता.

सबनीस बघतच राहिले. हॉस्पिटलांतूनही गहाळ होणारी ही वस्तू बाईंनी तीन घरं बदलताना सांभाळली होती.

चार दिवसांनी, दोन्ही नमुने ताडून झाल्यावर, त्यांनी आधी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "मावशी, त्याच कॅन्सरने पुन्हा डोकं वर काढलंय."

द्वारकाबाई सावकाश पाणी प्याल्या. मग त्यांनी रिकामी डबी उघडून टेबलावर ठेवली.

"ह्या गाठीचाही तुकडा द्या, डॉक्टर. अकरा वर्षांनी पुन्हा लागला तर शोधाशोध नको."