अंगणातला रूळ

पवनीजवळून जाणारी इंग्रजांच्या काळातली छोटी रेल्वे बंद होऊन रूळ उखडले गेले, तेव्हा तिचा इतिहास लिहीत असलेल्या वृद्ध लीलाधरजींनी रुळाचा एक तुकडा आदराने आणून अंगणात टांगला. त्याच गाडीने त्यांच्या पत्नी जानकीबाई नववधू होऊन सासरी आल्या होत्या. आता त्यांना अंथरुणावरून उठवत नव्हते.

"त्या रुळाले कान लावा जी, गाडी येऊन राहिली," एके दिवशी त्या म्हणाल्या.

"रूळच नाही, तं गाडी कायची येते वो?"

तरी पत्नीच्या समाधानासाठी त्यांनी कान लावला. लोखंडात दूरची घरघर होती. रोज ती जवळ येत गेली.

आज दुपारी ती अंगणातच येऊन थांबली.

लीलाधरजी वळले. जानकीबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

"तुमी मागून येनाऱ्या गाडीनं या जी," त्या मायेने म्हणाल्या. "पुस्तक पुरं करून."